घर, भाडे आणि शेजार

घर फिरले की घराचे वासेही फिरतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. माणसाचे दिवस फिरले म्हणजे त्याची जिवाभावाची माणसेही परकी होतात, हा तिचा रूढ अर्थ. शहरांच्या बाबतीत मात्र ही म्हण अक्षरशः खरी ठरते. एखाद्या वस्तीतील घरे भराभर दुसऱ्यांच्या हाती जाऊ लागली, भाडी चढू लागली आणि उद्या आपण येथे राहू की नाही याची शाश्वती उरली नाही, म्हणजे वर्षानुवर्षे एकाच जिन्याने वर-खाली करणारी माणसे एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. हे वासे आपोआप फिरतात, की कोणी ते फिरवितो? आणि फिरलेले वासे पुन्हा जागेवर आणता येतात काय? या दोन प्रश्नांचा विचार करण्यासाठी मी आज तुम्हांला लंडन शहराच्या पूर्व भागात, ईस्ट एंडमध्ये, नेणार आहे. गेल्या शंभर वर्षांत हे नाटक त्या एकाच रंगभूमीवर तीन वेळा झाले आहे, आणि प्रत्येक प्रयोगाचा शेवट थोडा निराळा झाला आहे.

ईस्ट एंड म्हणजे लंडनच्या जुन्या तटाबाहेरचा, थेम्स नदीच्या उत्तर तीरावरील पूर्वेचा मुलूख. त्याच्या एका बाजूस सिटी, म्हणजे पेढ्या, विमा कंपन्या आणि शेअरबाजार यांचे जगप्रसिद्ध केंद्र. दुसऱ्या बाजूस गोद्या, धक्के आणि वखारी. आणि या दोहोंच्या मध्ये स्टेपनी, बेथनल ग्रीन, पॉप्लर, स्पिटलफील्ड्स अशा गरिबांच्या दाट वस्त्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही हा मुलूख अगदीच परका नाही. इंग्रजांच्या आगबोटींवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी आणि गोव्याचे स्वयंपाकी व वाढपी मोठ्या संख्येने असत. बोट लंडनला लागली म्हणजे त्यांचा पाय पडे तो इकडच्याच गोद्यांवर. अशा आशियाई खलाशांसाठी १८५७ साली तेथील लाइमहाउस भागात एक आश्रयगृहही उघडण्यात आले होते.

या वस्तीचा स्वभाव एका इमारतीवरून ओळखता येतो. ब्रिक लेन आणि फूर्निए स्ट्रीट यांच्या कोपऱ्यावर १७४३ साली बांधलेली एक साधी, विटांची इमारत उभी आहे. फ्रान्समधून धर्मच्छळामुळे पळून आलेल्या ह्यूगेनो पंथीयांनी ती आपल्या प्रार्थनेसाठी बांधली. हे लोक रेशीम विणणारे कारागीर होते. पुढे ती मेथडिस्टांकडे गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, रशियातील अत्याचारांना कंटाळून आलेल्या ज्यूंनी तेथे आपले सिनेगॉग थाटले; आणि १९७६ साली तीच इमारत सिल्हेटहून आलेल्या बंगाली मुसलमानांची मशीद झाली. एकाच छपराखाली तीन धर्मांनी आळीपाळीने देव पाहिला, असे दुसरे उदाहरण सहसा सापडावयाचे नाही. पण यात भाबडेपणाने हुरळून जाण्याचे कारण नाही. प्रत्येक नव्या पाहुण्याला आधीच्या रहिवाशांनी शिव्याशाप दिलेले आहेत. आणि त्या शिव्यांचा विषय बहुधा देव नसे, घर असे. हे आले, यांनी खोल्या अडविल्या, यांच्यामुळे भाडी वाढली, हा तक्रारीचा सूर. १९०१ साली याच भागात परदेशी लोकांच्या आगमनाविरुद्ध 'ब्रिटिश ब्रदर्स लीग' नावाची चळवळ उभी राहिली आणि १९०५ साली परदेशीयांच्या प्रवेशावर निर्बंध घालणारा कायदा झाला.

आता पहिला प्रयोग. सर ओसवाल्ड मोस्ली या बड्या घराण्यातील गृहस्थाने १९३२ साली ब्रिटनमध्ये फॅसिस्ट संघटना स्थापन केली. काळे सदरे, संचलने, जयघोष, सर्व काही इटली-जर्मनीच्या धर्तीवर. १९३६ च्या ४ ऑक्टोबरला, रविवारी, आपल्या काळ्या सदऱ्यांची मिरवणूक ईस्ट एंडच्या ज्यू वस्तीतून नेण्याचा घाट त्याने घातला. मिरवणुकीवर बंदी घालावी म्हणून जवळजवळ एक लाख सह्यांचा अर्ज गृहखात्याकडे गेला. परंतु खात्याने तो मानला नाही. मग लोकच रस्त्यावर उतरले. ज्यू शिंपी आणि सुतार, आयरिश गोदी-कामगार, कम्युनिस्ट, मजूर पक्षाचे साधे सभासद, गृहिणी आणि पोरेसोरे. संख्येबद्दल मतभेद आहेत, पण ती लाखाच्या वर होती यात शंका नाही. मिरवणुकीला वाट करून देण्यासाठी सहा हजारांहून अधिक पोलीस होते. केबल स्ट्रीट या अरुंद रस्त्यावर लोकांनी अडसर रचले, घोडेस्वार पोलिसांच्या वाटेत गोट्या पसरल्या, आणि वरच्या खिडक्यांतून बायकांनी हाताला लागेल ते खाली फेकले. अखेर पोलीस आयुक्तांनी मोस्लीला माघारी वळावयास सांगितले. काळे सदरे पश्चिमेकडे चालते झाले.

ही कथा इंग्लंडमध्ये आजही अभिमानाने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कथा येथेच संपविली म्हणजे तिचे तात्पर्य हरवते. कारण पुढच्याच रविवारी फॅसिस्ट तरुणांनी माइल एंड रोडवरील ज्यूंच्या दुकानांची मोडतोड केली. आणि १९३७ च्या मार्च महिन्यात लंडन कौंटी कौन्सिलच्या निवडणुका झाल्या तेव्हा बेथनल ग्रीनच्या ईशान्य विभागात मोस्लीच्या उमेदवारांना सुमारे २३ टक्के मते पडली. म्हणजे रस्त्यावर ज्याला अडविले तो मतपेटीत शिरला होता. चार मतांतील जवळजवळ एक मत देणारे हे लोक कोण? ते काही बाहेरून आणलेले गुंड नव्हते. ते तेथलेच गरीब रहिवासी होते.

हा प्रश्न ज्याच्या मनाला लागला त्या माणसाचे नाव फिल पिरॅटिन. स्टेपनीत वाढलेला हा ज्यू तरुण कम्युनिस्ट पक्षाचा स्थानिक कार्यकर्ता होता. पुढे १९४५ साली तो माइल एंडमधून पार्लमेंटात निवडून गेला. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत त्याने सांगितले आहे, की मोस्लीची एक सभा ऐकावयास तो मुद्दाम गेला आणि नंतरच्या मिरवणुकीत कोण कोण सामील होतात ते पाहत राहिला. त्याला दिसले ते आपल्यासारखेच कष्टकरी लोक. काहींच्या कोटावर तर कामगार संघटनांची बिल्लेसुद्धा होती. पिरॅटिनने मनाशी ताडले, की या लोकांना फॅसिस्ट म्हणून हिणवून काही साधणार नाही. त्यांचे दुःख खरे आहे. त्या दुःखाचे कारण तेवढे त्यांना खोटे सांगितले जात आहे.

ते दुःख कोणते होते? ढेकणांनी भरलेल्या खोल्या, गळकी छपरे, चार मजल्यांना एक नळ, आणि यासाठी मिळकतीचा मोठा हिस्सा खाणारे भाडे. १९३७ साली पॅरॅगन मॅन्शन्स नावाच्या चाळीतून दोन कुटुंबांना बाहेर काढण्याचा हुकूम निघाला. ही दोन्ही कुटुंबे मोस्लीच्या संघटनेची सभासद होती. त्यांच्या संघटनेने काहीच हालचाल केली नाही. मदतीला धावले ते पिरॅटिनचे सहकारी, म्हणजे ज्यांना ही माणसे आजवर शत्रू समजत होती तेच. सर्व भाडेकरूंना एकत्र केले गेले, चाळीचे दरवाजे अडविण्यात आले, बेलीफ आले तेव्हा त्यांचे स्वागत वरून पाण्याने आणि पिठाने झाले. आणि अखेर ती कुटुंबे जागेवर राहिली. पिरॅटिन लिहितो की त्यानंतर त्या मंडळींनी आपली फॅसिस्ट सभासदत्वाची कार्डे आपण होऊन नष्ट केली. त्यांना कोणी व्याख्यान दिले नव्हते. आपले घर कोणी वाचविले, एवढे त्यांनी पाहिले होते.

यातून स्टेपनी भाडेकरू संरक्षण संघ वाढला. जॉन ग्रोसर नावाचे एक पाद्री त्याचे अध्यक्ष होते. घरमालक ज्यू आहे की ख्रिस्ती, हे या संघाने पाहिले नाही. दोघांशीही तो सारख्याच नेटाने भांडला, आणि सर्व घरमालक ज्यू असतात ही मोस्लीची आरोळी त्यामुळे आपोआप पोकळ ठरली. १९३८ साली बेथनल ग्रीनमधील क्विन स्क्वेअरच्या, बहुतांशी ज्यूेतर, भाडेकरूंनी भाडे बंद करून आपल्या मागण्या पदरात पाडून घेतल्या. १९३९ साली लँगडेल मॅन्शन्स आणि ब्रेडी स्ट्रीट येथील भाडेबंदी सुमारे पाच महिने चालली. भाडी उतरली, दुरुस्त्या झाल्या. पुढे युद्ध आले, आणि मोस्लीची तुरुंगात रवानगी झाली. पण ईस्ट एंडच्या चाळींत त्याच्या पायाखालची वाळू त्याआधीच सरकू लागली होती. केबल स्ट्रीटवर त्याला अडविले गेले. क्विन स्क्वेअरमध्ये त्याची गरज संपली. माझ्या मते दुसरा विजय अधिक टिकाऊ आहे.

दुसऱ्या प्रयोगाकडे वळण्यापूर्वी क्षणभर शहराच्या पश्चिम भागात जावे लागेल. कारण आज आपण ज्या घटनेला नाव शोधत आहो, ते नाव तेथील अभ्यासातून आले. १९५८ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस नॉटिंग हिल भागात वेस्ट इंडीजमधून आलेल्या लोकांवर गोऱ्या टोळ्यांनी हल्ले केले. त्याही भागात खोल्यांची टंचाई होती, आणि १९५७ च्या कायद्याने भाड्यावरील निर्बंध सैल केल्यामुळे जुन्या भाडेकरूंना हुसकावून नव्यांकडून वाटेल ते भाडे उकळणे घरमालकांना सोपे झाले होते. १९५९ च्या निवडणुकीत मोस्ली पुन्हा तेथे उमेदवार म्हणून उभा राहिला आणि अनामत रक्कम गमावून बसला. या काळाचा अभ्यास रूथ ग्लास या समाजशास्त्रज्ञ विदुषीने केला. त्या स्वतः बर्लिनमध्ये जन्मलेल्या ज्यू. नाझी सत्तेवर येण्याच्या सुमारास देश सोडून आलेल्या. १९६० साली त्यांनी वेस्ट इंडियन नवागतांवर पुस्तक लिहिले. आणि १९६४ साली, कामकऱ्यांची जुनी घरे मध्यमवर्गीय विकत घेत आहेत आणि एकेक वस्तीचे रूप पालटेपर्यंत ही क्रिया थांबत नाही, हे पाहून त्यांनी तिला 'जेंट्रिफिकेशन' असे नाव दिले. 'जेंट्री' म्हणजे खानदानी जमीनदार वर्ग. वस्तीचे खानदानीकरण, असे म्हणा हवे तर. वंशद्वेषाची दंगल आणि वस्तीचे खानदानीकरण या दोन्हींचा अभ्यास एकाच लेखणीने चार वर्षांच्या अंतराने करावा, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

आता पुन्हा पूर्वेकडे, ब्रिक लेनवर. वर्ष १९७६. ज्यू मंडळी हळूहळू उपनगरांत गेली होती आणि त्यांच्या शिवणकामाच्या कारखान्यांत सिल्हेटचे बंगाली राबत होते. बायकामुले देशाहून येऊ लागली तशी घरांची निकड वाढली. पालिकेच्या वसाहतींत जागा मिळण्यास वर्षे लागत. आणि मिळाली तर ती एखाद्या दूरच्या वसाहतीत मिळे, जेथे एकट्या बंगाली कुटुंबाच्या दारावर रात्री दगड पडत. एकीकडे ही माणसे बेघर, आणि दुसरीकडे पाडावयाची म्हणून रिकामी ठेवलेली शेकडो घरे कुलूपबंद. तेव्हा त्यांनी कुलपे काढून आत राहावयास सुरुवात केली. वुडसीअर स्ट्रीटवरील पेलहॅम बिल्डिंग्ज ही जुनी चाळ अशीच भरली. या लोकांची 'बेंगॉली हाउसिंग ॲक्शन ग्रुप' ही संघटना १९७६ साली स्थापन झाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार 'भाग' असा होतो. बंगाली कानाला त्यात 'बाघ', म्हणजे वाघ, ऐकू येई. आपल्या मराठी कानाला त्यात वाटा ऐकू येतो. मला दोन्ही अर्थ शोभतात असे वाटते. तिच्या उभारणीत टेरी फिट्झपॅट्रिक या इंग्रज कार्यकर्त्याबरोबर माला सेन आणि फरुख धोंडी हे दोघे भारतीय होते. धोंडी हे पुण्याचे. कॅम्पातील सरबतवाला चौकाच्या आसपासचे लोकजीवन त्यांनी पुढे 'पूना कंपनी' या पुस्तकात रंगविले. त्या वेळी मात्र ते लंडनमध्ये शिक्षक होते, आणि ईस्ट एंडमधील मुलांच्या गोष्टी लिहीत होते.

या संघटनेची मागणी साधी होती. आम्हांला महाल नकोत. जेथे आमच्या मुलांना शाळेतून सुखरूप घरी येता येईल अशा ठिकाणी घरे द्या. ही मागणी पुढे बऱ्याच अंशी मान्य झाली. ब्रिक लेनच्या आसपासच्या, सुरक्षित वाटणाऱ्या वसाहतींत बंगाली कुटुंबांना जागा मिळू लागल्या. आज पर्यटक जी 'बांगला टाउन' पाहावयास जातात, ती मोठ्या प्रमाणात या लढ्यातून निर्माण झाली आहे.

परंतु त्याची किंमत द्यावी लागली. १९६७ साली स्थापन झालेला नॅशनल फ्रंट हा वंशद्वेषी पक्ष त्या वेळी जोरात होता. ब्रिक लेनच्या टोकावर दर रविवारी त्याचे लोक आपले वृत्तपत्र विकावयास उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धमकावीत. १९७८ च्या ४ मे रोजी पालिकेच्या निवडणुकीचे मतदान होते. त्या दिवशी संध्याकाळी अल्ताब अली हा चोविशी-पंचविशीतील शिवण-कामगार कारखान्यातून घरी जात असताना व्हाइटचॅपलच्या सेंट मेरी उद्यानाजवळ तीन पोरगेल्या तरुणांनी त्याचा खून केला. १४ मे रोजी सुमारे सात हजार माणसे त्याच्या शवपेटीमागे पंतप्रधानांच्या निवासस्थानाकडे आणि हाइड पार्ककडे चालत गेली. आजवर मान खाली घालून वावरणारा एक समाज त्या दिवशी प्रथमच लंडनच्या राजरस्त्यावर उघड उभा राहिला. त्यानंतर तरुणांनी वृत्तपत्रविक्रीचा तो कोपरा स्वतः जाऊन व्यापला. १७ जुलैला कामगारांनी काम बंद ठेवले. १९९८ साली त्या उद्यानाला अल्ताब अलीचे नाव देण्यात आले.

तिसरा प्रयोग जवळच्याच आइल ऑफ डॉग्ज येथे झाला. हा नदीच्या वळणाने तीन बाजूंनी वेढलेला भूभाग. तेथील गोदी-कामगार मोठे हट्टी आणि एकजुटीचे. नागरी सोयी मिळत नाहीत म्हणून १९७० साली त्यांनी रस्ते अडवून आपले 'स्वातंत्र्य' जाहीर केले होते आणि आपल्यातून एक 'राष्ट्राध्यक्ष'ही निवडला होता! १९८० साली तेथील गोद्या बंद झाल्या. १९८१ साली सरकारने एक विकास महामंडळ नेमले, आणि गोद्यांच्या जागी कॅनरी वॉर्फची गगनचुंबी कचेरी-नगरी उभी राहू लागली. १९९१ मध्ये पूर्ण झालेला तिचा पन्नास मजली मनोरा त्या वेळी ब्रिटनमध्ये सर्वांत उंच होता. नदीकाठी धनिकांसाठी नवी घरे झाली. गोदी-कामगारांच्या मुलांना मात्र ना त्या कचेऱ्यांत नोकरी, ना त्या घरांत प्रवेश. त्यांनी जावे ते पालिकेच्या प्रतीक्षायादीत; आणि त्या यादीत त्यांच्या पुढेमागे उभी होती ती तितकीच गरजू बंगाली कुटुंबे.

मी शासकीय सेवेतील माणूस आहे, म्हणून या यादीबद्दल दोन शब्द बोलतो. घरे दहा आणि अर्ज शंभर असले म्हणजे नियम कितीही काटेकोर करा, नव्वद माणसे असंतुष्टच राहावयाची. अशा वेळी राज्यकर्त्यापुढे दोन मार्ग असतात. घरे वाढवावी, हा एक. आणि शंभरांतील काहींना अपात्र ठरवावे, हा दुसरा. दुसरा स्वस्त असतो. १९८७ च्या सुमारास टॉवर हॅम्लेट्स पालिकेने अशी भूमिका घेतली की ज्या बंगाली कुटुंबांनी बांगला देशातील घर सोडले, ती 'हेतुतः बेघर' झालेली आहेत, सबब त्यांना घर देण्याचे बंधन नाही. स्थानिक 'पुत्र व कन्यां'ना घरवाटपात अग्रक्रम देण्याचे धोरणही त्या काळात राबविले गेले. यांतील प्रत्येक टिपणी कोण्या कारकुनाने सभ्य भाषेतच लिहिली असेल. पण तिचा अर्थ रस्त्यावरच्या माणसाने काय घेतला? तुमचे घर कॅनरी वॉर्फने नेले नाही, तुमच्या शेजाऱ्याने नेले, हे आता सरकारही म्हणते, असा. म्हातारी मेल्याचे दुःख नाही. काळ सोकावतो, तो असा.

१९९३ च्या १६ सप्टेंबरला त्या भागातील मिलवॉल प्रभागात पोटनिवडणूक झाली आणि ब्रिटिश नॅशनल पार्टी या जहाल वंशद्वेषी पक्षाचा उमेदवार अवघ्या सात मतांनी निवडून आला. ब्रिटनमधील ही त्या पक्षाची पहिली जागा. देशभर खळबळ उडाली. तेथील रहिवाशांनी मात्र खळबळीत वेळ घालविला नाही. पुढच्या मे महिन्यात सर्वसाधारण निवडणूक व्हावयाची होती. मधल्या काळात चर्चमधील मंडळी, भाडेकरू संघ आणि बंगाली तरुण यांनी घरोघर जाऊन, एरवी मतदानाच्या वाटेला न जाणाऱ्या माणसांना बाहेर काढले. परिणाम असा झाला की त्या पक्षाच्या उमेदवाराला पूर्वीपेक्षा अधिक मते मिळूनही तो पडला. कारण त्याच्या विरुद्ध मत देणारे त्याहून कितीतरी अधिक संख्येने आले होते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की त्याची मते घटली नव्हती. शेजाऱ्यांनी त्याला हरविले. परंतु ज्या प्रतीक्षायादीवर तो वाढला होता, ती तशीच राहिली.

वंशद्वेषाचे विष त्यानंतरही उतरले नाही. १९९९ च्या एप्रिलमध्ये एका माथेफिरू नाझीभक्ताने ब्रिक लेनवर खिळ्यांचा बाँब ठेवला. रविवारचा बाजार शनिवारी भरतो असा त्याचा गैरसमज झाला होता, म्हणून तेरा माणसे जखमी होण्यावर निभावले. पण खरे सांगावयाचे तर ब्रिक लेनच्या बंगाल्यांना जे दगड, सुरे आणि बाँब यांना साधले नाही, ते आता भाड्याच्या पावतीने साधत आले आहे. सिटीच्या कचेऱ्या पूर्वेकडे सरकल्या. स्पिटलफील्ड्सचा फळभाजीचा घाऊक बाजार १९९१ मध्ये दूर हलविण्यात आला. विणकरांची पडकी घरे कोट्यधीशांची निवासस्थाने झाली. शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास ब्रिक लेनवर बंगाली खाणावळी साठ होत्या. रनीमेड ट्रस्टच्या अहवालानुसार २०२० च्या आरंभी त्या तेवीस उरल्या. त्याच वर्षी तेथील ट्रूमन यांच्या जुन्या, बंद पडलेल्या मद्यनिर्मितीच्या कारखान्याच्या आवारात दुकाने आणि कचेऱ्यांचे नवे संकुल उभारण्याची योजना पुढे आली. तिच्यावर सात हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या. हरकती घेणाऱ्यांत बंगाली दुकानदार होते, तसे जुन्या इमारतींवर प्रेम करणारे इंग्रजही होते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये पालिकेच्या समितीने ती योजना दोन विरुद्ध एक अशा मतांनी मंजूर केली. लोक न्यायालयांत गेले. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयातही त्यांना अपयश आले.

१९७८ मध्ये सात हजार पावले चालली तेव्हा गुंड मागे हटले. २०२१ मध्ये सात हजार पत्रे आली तरी इमारत मागे हटली नाही. या दोहोंतील फरक विचार करण्याजोगा आहे. गुंडाला चेहरा असतो. त्याच्यासमोर उभे राहता येते. भाड्याला चेहरा नसतो. आणि यातील सर्वांत कडवट भाग असा, की ही वस्ती नव्या धनिकांना हवीशी का वाटते? तर तेथे नाना देशांचे लोक, नाना तऱ्हांचे खाणे, निर्धास्तपणे हिंडण्याजोगे रस्ते आहेत म्हणून. ते रस्ते निर्धास्त कोणी केले? ज्यांनी केले, त्यांच्या नातवंडांना तेथील एक खोली परवडत नाही.

लालबाग-परळच्या श्रोत्यांना हे सारे ऐकताना आपले काही आठवले असेल. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले, चिमण्यांच्या जागी उंच इमारती आणि झगमगणारे बाजार आले, आणि ज्या चाळींच्या गॅलऱ्यांत एका घरचा गणपती साऱ्या मजल्याचा होत असे, त्या चाळींतील माणसे कल्याण-विरारच्या पलीकडे गेली. देश निराळा, माणसे निराळी, राजकारणही निराळे. परंतु घर गमावलेल्या माणसाच्या मनातील पोकळी सारखीच, आणि ती पोकळी भरावयास कोण आधी येऊन पोहोचतो, हा प्रश्नही सारखाच.

आज युरोपात जहाल उजव्या पक्षांची लाट पुन्हा वर येत आहे. जर्मनीत २०२५ च्या फेब्रुवारीतील निवडणुकीत अशा पक्षाला पाचांतील एक मत मिळाले. या लाटेची कारणे अनेक आहेत, आणि ती सारी घराच्या प्रश्नात कोंबण्याचा हट्ट मी धरणार नाही. गरिबीशिवायही द्वेष असतो. उत्तम बंगल्यांतही तो सुखाने नांदतो. परंतु ईस्ट एंडच्या शंभर वर्षांतून एवढे निश्चित दिसते, की द्वेषाचा व्यापारी जेव्हा गरीब वस्तीत येतो, तेव्हा तो एका खऱ्या दुःखाचा पत्ता विचारीत येतो. त्याला रस्त्यात अडविणे हे धैर्याचे काम आहे आणि ते वेळप्रसंगी केलेच पाहिजे. पण त्याने ज्या दारावर थाप मारावयाची, त्या दारावर त्याच्या आधी जाऊन पोहोचणे, हे त्याहून अवघड आणि त्याहून गरजेचे काम आहे. पॅरॅगन मॅन्शन्समधील त्या दोन कुटुंबांच्या दारी पिरॅटिनची माणसे गेली, तेव्हा ती कुटुंबे मित्र नव्हती. ती शत्रूच्या यादीत होती. तरीही ते गेले, आणि भाड्याची पावती हातात घेऊन विचारते झाले, की बेलीफ कोणत्या दिवशी येणार आहे?

घर फिरले की वासे फिरतात, ही म्हण खरी आहे. पण ज्या घराचे वासे शेजाऱ्यांनी हात लावून धरले, ते घर सहसा फिरत नाही. आणि फिरलेच, तर त्याखाली माणसे तरी एकमेकांच्या अंगावर पडत नाहीत.